जुनी वॅगनार घेताय? आधी पिढी ओळखा

भाऊ, नुसतं साल नका विचारू, गाडी कोणत्या पिढीची ते बघा. वॅगनार आली १९९९ च्या शेवटी, दुसरी पिढी २०१० ला आणि जानेवारी २०१९ पासून तिसरी, हिच्यात १.२ लिटरचं चार सिलिंडर इंजिनपण मिळतं अन डिक्की १८० वरून डायरेक्ट ३४१ लिटर झाली, म्हणजे लग्नाला जाताना बॅगा मांडीवर घ्यायची कटकट गेली. माझ्या मते बजेट ताणून तिसरीच घ्या. ट्रायल मात्र गार सकाळी अजिबात नको, जळगावच्या उन्हात दुपारी दोनला घ्या, एसी फुल लावून पंधरा मिनिटं जागेवर उभी ठेवा, गार हवा टिकते का, रेडिएटरचा फॅन फिरतो का, सगळं तिथंच कळतं. सुरतकडची जीजे पासिंग, म्हणजे गुजरातची नोंदणी असलेली गाडी, स्वस्त वाटते खरी, पण एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) अन इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा, बऱ्याचदा फायदा तिथंच जिरतो. आणि हो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाईप मेकॅनिककडून चेक करून घ्या.