कॉलेजजवळच्या हॉटेलाचा इतिहास असा गोळा करा

गोव्यात हॉटेल म्हणजे राहायचं ठिकाण नव्हे. चहा, भाजीपाव आणि बन मिळतात ते. मडगावच्या आमच्या कॉलेजजवळच्या अशा एका हॉटेलावर मी स्मरणिकेसाठी लेख लिहिला आणि त्यात चांगलाच तोंडघशी पडलो. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हे.

मालकापासून सुरुवात करू नका. आमचे मालक छातीठोकपणे म्हणाले, "साठ सालापासून कॉलेजची पोरं इथंच." मी तसंच छापलं. आमचं चौगुले कॉलेज सुरू झालं 1962 मध्ये, गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाल्यानंतर! त्याआधी शिकायचं तर मुंबई, बेळगाव, धारवाड गाठावं लागे. मालक खोटं बोलत नव्हते. हॉटेल जुनंच होतं, पण तेव्हाचं गिऱ्हाईक वेगळं होतं.

आधी जुन्या वेटरला गाठा, दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी नसताना. त्याला सन विचारू नका, भाव विचारा. आमचे काका (आम्ही सगळे काकाच म्हणायचो) लगेच म्हणाले, "तेन्ना भाजी चार आण्यांची आशिल्ली." मग खुणा पकडत जा. चहाचे पैसे एस्कुदात, म्हणजे पोर्तुगीज चलनात, दिल्याचं कुणी सांगितलं, तर काळ मुक्तीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचा, कारण ते चलन 1958-59 च्या सुमारासच आलं. कदंबची (गोव्याची सरकारी) बस आठवत असेल तर 1980 किंवा त्यानंतरचं. विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तिकिटाचं आंदोलन आठवत असेल तर 1978-79 च्या आसपासचं.

सगळ्यात जास्त वेळ भाषावादाला द्या, म्हणजे गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादाला. 1985 ते 87 या काळात आमच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल मराठीवाल्यांचं आणि वॉशबेसिनजवळचं कोकणीवाल्यांचं. आदल्या वर्षी हीच मुलं एका बशीतली भजी खायची. मी खिडकीजवळ बसे, आणि तिकडच्या टेबलावरच्या एकाशी दीड वर्ष बोललो नाही. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला, 30 मे रोजी गोवा राज्य झालं. त्यानंतर पहिल्यांदा चहा कुणी मागवला, यावर आमच्यात अजून वाद आहे. दोघांचंही लिहून घ्या. निकाल तुम्ही लावू नका.

उधारीची वही मिळाली तर सोनंच. आमच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची मिळाली, पानापानावर चहाचे गोल डाग. नावापुढे 'बन 2, चा 1', आणि परीक्षेच्या महिन्यात रकाने एकदम लांब. आकडे वापरा, नावं छापू नका. त्यातले काही आज मोठ्या खुर्च्यांवर आहेत.

तारखा पडताळायला पणजीला पाटो इथल्या सेंट्रल लायब्ररीत जा. 1832 ची संस्था आहे, जुनी वर्तमानपत्रं तिथे चाळता येतात. 'गोमन्तक' 1962 पासूनचा आहे. अख्खा दिवस हाताशी ठेवा; चाळता चाळता भलत्याच बातमीत माणूस अडकतो.

छापण्याआधी मजकूर काकांना वाचून दाखवा. मी तेही केलं नव्हतं. लेख आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "पातळ भाजी बटाट्याची न्हय रे, धव्या (पांढऱ्या) वाटाण्यांची."