वाटेतच बाळंतपण: १०८ वर काम करणाऱ्यांनी या चुका टाळा

पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांतून किंवा जत-आटपाडीच्या वस्त्यांवरून निघालेली बाई दवाखान्यात पोचायच्या आत बाळंत होते, यात नवल नाही. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोपीतही हेच घडतं. अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान घाईनं घातलेला हात करतो.

पहिली चूक गाडी दामटण्याची. कळ ओसरली तरी डोकं आत जात नाही, बाई "संडासला होतंय" म्हणते, म्हणजे बाळ काही मिनिटांत येणार. तिला संडासला पाठवू नका, पाय आवळून धरायला सांगू नका. घाटात असाल तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि हातमोजे, दोन-तीन कोरडे टॉवेल, नाळेचे दोन क्लॅम्प, निर्जंतुक ब्लेड हाताशी मांडा. बाळाची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि शून्य व एक नंबरचे मास्क ड्यूटी सुरू होतानाच तपासलेले हवेत. मोठ्या माणसाचा मास्क बाळाच्या तोंडावर बसत नाही.

डोकं ओढू नका. तळहात डोक्यावर हलकाच ठेवा, म्हणजे ते झटक्यात बाहेर येऊन आईला फाटणार नाही. डोकं आलं की मानेभोवती बोट फिरवून नाळ पाहा. सैल असेल तर डोक्यावरून काढा, घट्ट असेल तर त्या वेढ्यातूनच अंग बाहेर येऊ द्या. बाळ ओल्या साबणासारखं निसटतं, म्हणून दोन्ही हात आणि खाली टॉवेल ठेवा.

डोकं बाहेर येऊन परत आत ओढल्यासारखं झालं, तर खांदा अडकलाय. इथं कुणीतरी हमखास "वरून पोट दाबा" म्हणतं. ते अजिबात करू देऊ नका. त्यानं खांदा आणखी रुततो, गर्भाशय फाटू शकतं. दोघांनी आईचे दोन्ही गुडघे पोटाकडे पूर्ण दुमडून धरा, तिसऱ्यानं दोन जांघांमधल्या पुढच्या हाडाच्या लगेच वर, ओटीपोटावर तळहातानं दाब द्या.

बाळ आलं की उलटं टांगणं, चापट मारणं बंद. आधी कोरडं करा: डोकं, पाठ, मग ओला टॉवेल बाजूला टाकून दुसरा. पाठ चोळूनही मिनिटाभरात श्वास नसेल तर बॅग लावा, मिनिटाला ४० ते ६० वेळा. छाती उचलली जाते का ते बघा. नसेल तर मान सरळ करा, मास्क नीट बसवा, आधी तोंड मग नाक साफ करा. ऑक्सिजन शोधत बसू नका, साध्या हवेनं सुरू करा. रडलं की आईच्या छातीवर, डोक्यावर टोपी, दोघांवर एकच पांघरूण. कोयनेकाठच्या हिवाळ्यात गाडीची काच उघडी राहिली तरी बाळाचे तळवे गार पडतात. २४ तास आंघोळ नाही.

बाळ श्वास घेत असेल तर नाळेसाठी १ ते ३ मिनिटं थांबा. बेंबीपासून २ सेंमीवर एक, ५ सेंमीवर दुसरा क्लॅम्प, मध्ये काप. निर्जंतुक ब्लेड नसेल तर कापूच नका, वार (आत नाळ जिला जोडलेली असते ती) बाळासोबत पिशवीत ठेवून चला. कोयता, राख, हळद, शेण नाळेला लागता कामा नये. धनुर्वात आणि जंतुसंसर्ग तिथूनच शिरतो.

वारेसाठी नाळ खेचणं ही सगळ्यात महाग चूक. गर्भाशय उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री करा, मग प्रोटोकॉलप्रमाणे ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) १० युनिट मांडीत. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे, जतच्या उन्हात गाडीच्या कप्प्यात राहिलेल्या इंजेक्शनवर भिस्त ठेवू नका. पाच मिनिटांच्या आत पॅड पूर्ण भिजला तर ती आणीबाणी. गर्भाशय मऊ लागलं तर नारळासारखं कडक होईपर्यंत चोळा, लघवी करवा, बाळ छातीला लावा, शिरेतून सलाईन सुरू करा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) शिरेतून १ ग्रॅम, १० मिनिटांत, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत.

बाळाचा हात किंवा नाळ आधी दिसली तर वाटेत थांबू नका. नाळ असेल तर आईला गुडघ्या-कोपरांवर, ढुंगण वर असं ठेवा, हातमोज्याच्या बोटांनी बाळाचं डोकं वर उचलून धरा आणि दवाखान्यात ताबा घेईपर्यंत बोटं काढू नका. झटके आले तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका.

दवाखान्याला आधीच फोन करा. जन्माची वेळ, वार पडल्याची वेळ आणि ऑक्सिटोसिनची वेळ चिकटपट्टीवर लिहून आईच्या मनगटाला लावा. वार पिशवीत सोबत द्या, तुकडा आत राहिलाय का हे डॉक्टर तीच पाहून ठरवतात.