‘कुठून घेतलं?’ हा प्रश्न मुलांच्या अंगवळणी कसा पाडायचा

प्रकल्पवहीच्या शेवटी ‘संदर्भ: गुगल’ एवढंच दिसलं की मी वही परत देते. गुगल शोधून देतं; लिहिलेलं दुसऱ्याच कुणाचं तरी असतं आणि त्याचं नाव मला हवं असतं.

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. ‘विश्वासार्ह माहितीच वापरा’ असं नुसतं बजावून उपयोग होत नाही. मुलं माना डोलावतात आणि पहिली लिंक उघडतात. त्यापेक्षा एकच विधान निवडा आणि अख्खा तास त्याचाच पिच्छा पुरवा. मी घेते ते विधान असं: ‘चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते.’ हे ऐकलेलं नाही असं मूल क्वचितच भेटतं.

आधी विधान शब्द न् शब्द वाचायला लावा. चंद्रावरून की अंतराळातून? अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, तर चंद्र आहे सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर. म्हणजे ही दोन वेगळी विधानं झाली आणि दोन्ही वेगवेगळी तपासायला हवीत.

मग विचारा, हे आधी कोण म्हणालं? शोधत गेलं की १९३२ सालचं रिप्लींचं ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ हे चित्रसदर सापडतं. आणखी मागे विल्यम स्टुकली या इंग्रज अभ्यासकाचं १७५४ मधलं पत्र. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. ही सालं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि गप्प राहा. ‘मग यांनी पाहिलं कुठून?’ हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा, तुम्ही तो विचारू नका.

आता प्रत्यक्ष वर जाऊन आलेल्यांकडे वळा. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये परतल्यावर म्हणाले की भिंत दिसली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी अंतराळवीर लेरॉय चिआओ यांनी अंतराळस्थानकातून काढलेल्या एका फोटोत भिंतीचा तुकडा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, पण तो फोटो होता मोठ्या लेन्सचा, आणि भिंत डोळ्यांनी दिसल्याची खुद्द चिआओंनाच खात्री नव्हती. हा भाग घाईघाईत उरकू नका. ‘खरं की खोटं’ एवढ्यावर न थांबता ‘कुठून, कशाने, कुणाला’ असं विचारायला मुलं इथेच शिकतात.

अनोळखी संकेतस्थळ समोर आलं तर मुलांना त्यावर रेंगाळू देऊ नका. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. तथ्यतपासनीस पान खालपर्यंत वाचत बसलेच नाहीत. नवीन टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते त्यांनी आधी पाहिलं. वर्गातही तसंच करा. ‘आमच्याविषयी’ हे पान संस्थेने स्वतःच लिहिलेलं असतं, त्यावरून तिची पारख होत नाही.

विकिपीडियावर बंदी घालू नका. मुलं लपून वापरतील, आणि लपून वापरलेलं तपासलं जात नाही. लेखाच्या तळातल्या संदर्भावर बोट ठेवायला लावा, तो उघडा, आणि वरचं वाक्य त्यात खरोखर आहे का ते शोधा. ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ हे टॅबही दाखवा. लेखावर कोण कशावरून वाद घालतंय ते तिथे कळतं.

चॅटबॉटसाठी वेगळा तास ठेवाच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. हे सांगून झालं की चॅटबॉटकडून पाच संदर्भ मागवा, प्रत्येक मुलाला एकेक वाटून द्या आणि ते पुस्तक किंवा तो लेख ग्रंथालयाच्या सूचीत शोधायला सांगा.

टिपणं काढताना माझा नियम कडक आहे. वाचा, पान बंद करा, स्वतःच्या वाक्यात लिहा, मग पुन्हा उघडून ताडून पाहा. चार शब्द फिरवलेलं वाक्य नक्कलच धरायचं. प्रत्येक टिपणाशेजारी लेखक, शीर्षक, साल आणि कुठे पाहिलं ते त्याच वेळी लिहायचं. आदल्या रात्री आठवून लिहिलेले संदर्भ हमखास चुकतात. फोटोंनाही हेच लागू. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर सगळ्यांना वापरू देणारा, परवाना असला तरी बहुतेक वेळा निर्मात्याचं नाव द्यावंच लागतं.

गुण देताना शोधाच्या नोंदींना वेगळे गुण ठेवा, नाहीतर मुलं सगळा जीव मुखपृष्ठाच्या सजावटीत ओततात. आणि एखाद्याने ‘याचं मूळ सापडलं नाही, या या ठिकाणी शोधलं’ असं लिहिलं, तर त्या नोंदीला पूर्ण गुण द्या.