कमी खर्चात हिरवंगार ॲक्वेरियम: आधी झाडं, मासे सगळ्यात शेवटी

माझ्या पहिल्या टँकमध्ये सकाळी पाणी भरलं आणि संध्याकाळी मासे सोडले. आठवडाभरात ते एकेक करून गेले. पाणी तर अगदी नितळ होतं, त्यामुळे नेमकं चुकलं काय हे कितीतरी दिवस कळलं नाही.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो दिसत नाही, पण माशांना मारतो. जुन्या टँकमध्ये वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारीच) आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणवनस्पती मात्र अमोनिया थेट अन्न म्हणून शोषून घेतात. म्हणून बजेट कमी असेल तर महागड्या फिल्टरचा विचार सोडा आणि ते पैसे झाडांवर घाला.

टँक आणि जागा

टँक लहान तितका सोपा, हा समज चुकीचा आहे. कमी पाण्यात जरा बिघाड झाला की तो लगेच माशांपर्यंत पोहोचतो. 60 × 30 × 30 सेंटीमीटरचा टँक सुरुवातीला उत्तम. काठोकाठ भरला तर त्यात 54 लिटर पाणी मावतं, आणि काच, माती, वाळू धरून वजन 70 किलोच्या आसपास जातं. तेव्हा टेबल भक्कम आणि सपाट हवं. तळाखाली थर्माकोलची शीट घाला. खिडकीतलं थेट ऊन टाळा, नाहीतर शेवाळ माजतं. वापरलेला टँक घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त घरात मांडण्याआधी पाणी भरून 24 तास बाहेर ठेवा. सांध्यांतून थेंब आला तर तिथेच कळेल.

माती खाली, वाळू वर

विकतची खास माती लागत नाही. बागेतली साधी माती चालते, पण तिच्यात शेणखत, रासायनिक खत किंवा कीटकनाशक पडलेलं नसावं. खडे, काड्या, मुळं चाळून काढा आणि दोन-अडीच सेंटीमीटरचा थर पसरा. त्याहून जाड नको. खोल मातीत हवा पोहोचत नाही आणि ती कुजते. त्यावर जाडसर वाळूचा तीन सेंटीमीटर थर द्या. ही वाळू धुताना आळस करू नका, बादलीतलं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा.

वाळूवर आणि दगडांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, आणि तो पाणी जड (क्षारयुक्त) करत राहतो. शंख-शिंपले याच कारणासाठी बाहेरच ठेवा.

लावणी

आधी वाळूवर चार-पाच बोटं पाणी येऊ द्या, मग लावा. कोरड्या वाळूत झाड उभं राहत नाही. वॅलिस्नेरिया मागच्या बाजूला, क्रिप्टोकोरीन मधे. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडलं तरी जोमानं वाढतं, आणि सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त काम तेच करतं. जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, सडतं. दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधा, मुळं आपोआप धरतात. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या काही दिवसांत विरघळल्यासारखी गळतील, पण उपटू नका. मूळ शाबूत असेल तर नवी पानं येतात.

चार काड्या लावून थांबू नका. निम्म्याहून जास्त तळ पहिल्याच दिवशी झाकला पाहिजे. मनी प्लांटची फांदी काठावरून सोडून फक्त मुळं पाण्यात ठेवली तर तीही मदत करते. पानं हवेत असल्यानं तिला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, म्हणून ती झपाट्यानं वाढते.

आता वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओता, म्हणजे माती उसळणार नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या बादलीत 24 तासांत बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पाण्यात घालतात ते जंतुनाशक) तसं उडत नाही. पाण्यात ते असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालावंच लागतं.

उजेड आणि हवा

6500 केल्विनचा साधा पांढरा एलईडी पुरतो. सुरुवातीला रोज सहा तास, झाडं रुजली की आठ. वेळ पाळण्यासाठी टायमर लावा. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येतं.

वाट बघणं

पहिले दोन आठवडे मातीतूनही अमोनिया सुटतो. दर तीन-चार दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला. पाणी दुधाळ होईल, काचेवर तपकिरी थर येईल. दोन्ही आपोआप ओसरतात, घाबरून सगळं रिकामं करू नका. टेस्ट किटवर मात्र काटकसर नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य दिसले आणि झाडांना नवे कोंब आले, की मासे आणायचे.

पाच-सहा नर गप्पींपासून सुरुवात करा. नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्लांची गर्दी होते. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग मासे सोडा. आणखी हवे असतील तर दोन आठवडे थांबा. या टँकला असे दहा-बारा लहान मासे पुरे. गोल्डफिश मुळीच नको, तो फार मोठा होतो आणि झाडं उकरतो, खातो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं घाला.

दर आठवड्याला पाव टँक पाणी नळीनं काढा आणि क्लोरीन काढलेलं, साधारण त्याच तापमानाचं पाणी भरा. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीननं जिवाणू मरतील आणि वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. हॉर्नवर्ट वाढून खालच्या झाडांवर सावली पडायला लागली की छाटा. वॅलिस्नेरियाच्या धावत्या फांद्यांवर आलेली रोपं कापून मोकळ्या कोपऱ्यात लावा, पुढची झाडं विकत घ्यावी लागणार नाहीत.