पॅडच्या पुड्याविना पिल्लाला शी-शूची सवय

आमचं घर सांगलीच्या गावभागात. पुढं शाहाबादी फरशी, मागं परसात नारळ आणि जास्वंद. या घरात वाढलेली कुत्र्याची सगळी पिल्लं गावठी, आणि शी-शूसाठी खाली अंथरायचं दुकानातलं पॅड एकालाही लागलं नाही. ते पॅड दिसायला कागदी, पण खालून प्लॅस्टिक आणि आत ओल पिऊन फुगणारी रासायनिक पूड. एक शू झाली की घंटागाडीत. पुढं ते ना कुजतं, ना कशाच्या उपयोगी पडतं.

पॅडपेक्षा घड्याळ बघा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते शू धरतं. खेळत असेल तर तेवढीही धरत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या वेळा चुकवायच्याच नाहीत. आणि खूण ओळखायची: पळता पळता मधेच थांबतं, नाक जमिनीला लावतं, एकाच जागी गोल फिरायला लागतं. तेव्हा हाका मारत बसू नका, उचला आणि न्या. आमच्या सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण खुर्चीवरून "अगं, गिरकी घेतली बघ त्यानं!" म्हणून ओरडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. असं एक रिकामं माणूस घरात असेल तर निम्मी पुसापुशी वाचते.

जागा एकच ठरवा, रोज तीच. लसींचे डोस पुरे होईपर्यंत ती आपल्या आवारातच हवी. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळं मैदान, नदीकाठ नंतर. परस नसेल तर माझ्या जावेनं विश्रामबागच्या फ्लॅटमधे केलंय तसं करा: बाल्कनीत एक जुनी पसरट पाटी, तीत थोडी माती आणि वर वखारीतला भुसा. भुसा साध्या लाकडाचा मागून घ्या, प्लायवूडचा नको, त्यात चिकटवायची रसायनं असतात. भुसा बदलताना जुन्यातला मूठभर तसाच ठेवायचा. वासावर पिल्लू परत तिथंच येतं.

रात्रीसाठी वाकळेचा तुकडा उत्तम. नसेल तर जुनी सुती साडी चार पदरी घालून मधे फाटका टॉवेल आणि कडेनं धावदोरा. सिंथेटिक साडी घेऊ नका, शू तिच्यावरून घरंगळून फरशीवर येते. आधी नुसत्या गार पाण्यात खंगाळायचं, मग रिठ्याच्या पाण्यात, मग कडक ऊन.

जागेवर शू झाली की तिथंच, त्याच क्षणी बक्षीस. उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा पुरतो. बेदाणा मात्र चुकूनही नको! तासगाव शेजारी, त्यामुळं बरणी घरोघरी हाताशी असते, पण द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. आणि नाक घासणं, फटका देणं बंद. त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्या डोळ्यादेखत करायची नाही. मग ते कपाटामागं जाऊन करतं.

पुसायला फिनाईल नको, पिल्लू सारखे पाय चाटत असतं. सगळीकडं व्हिनेगर सांगतात. ग्लेझ्ड टाइल्सवर निम्मं पाणी घालून ते चालतं, शाहाबादी आणि कडप्प्यावर नाही. हे चुनखडीचे दगड, आंबट पडलं की चट्टा उठतो आणि तो निघत नाही. गूळ, संत्र्याच्या साली आणि पाणी १:३:१० घालून तीन महिने मुरवलेलं बायो-एन्झाइमही आंबटच, तेही पातळ करून टाइल्सपुरतंच ठेवा. आम्ही शू फडक्यानं टिपतो, पाणी मारतो, खायचा सोडा भुरभुरून थोडा वेळ ठेवतो आणि धुऊन काढतो. वास राहिला की पिल्लू तीच जागा धरतं, म्हणून इथं आळस नको.

शीचं काय? शेण चालतं तर ही का नाही, असं सासूबाईंनीही विचारलं होतं. कुत्र्याच्या शीत जंतांची अंडी असू शकतात आणि ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणून भाजीच्या वाफ्यात, तुळशीत, ओल्या कचऱ्याच्या खतात ती घालायची नाही. विहीर-बोअरपासून लांब, जास्वंदीच्या पलीकडं हातभर खोल खड्डा, प्रत्येक वेळी वर माती. पावसाळ्यात मात्र आम्ही खड्डा बंद ठेवतो. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी शहरात शिरलं की खड्ड्यातलं सगळं वर येऊन गल्लीभर फिरणार. ते दोन-तीन महिने शी उचलून, पिशवीबिशवी न टाकता, सरळ संडासात. आणि पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला जंताचं औषध, मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच विचारा.