मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अ‍ॅटमॉसमध्ये ऐकताय? मग या चुका टाळा

मे १९७१ मध्ये आलेला अमेरिकन गायक मार्विन गेचा हा अल्बम सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण संगीत) ऐकणाऱ्यांना अगदी तोंडपाठ असतो, आणि म्हणूनच त्याचं, आवाज समोरून, बाजूने आणि वरूनही येतील असं बसवलेलं डॉल्बी अ‍ॅटमॉस व्हर्जन पहिल्यांदा लावलं की बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, आवाज लांब गेला, जोर गेला, बेस कुठेय, जुनंच बरं होतं. जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने स्पेशियल ऑडिओ (अशी गाणी ऐकायची सोय) सुरू केला तेव्हा लोकांना फरक ऐकवायला जी गाणी निवडली त्यात याच अल्बमचं टायटल साँग होतं. मला स्वतःला हे व्हर्जन खूप आवडतं, त्यामुळे ते नीट न ऐकताच कोणी नावं ठेवली की वाईट वाटतं. बहुतेक वेळा घोळ आपल्या सेटिंगमध्ये, वायरीत नाहीतर सिलिंगमध्ये असतो. तो आधी निस्तरा, मग मिक्स (कुठला आवाज कुठे आणि किती, ही मांडणी) आवडलं नाही तर नाही आवडलं, तो तुमचा हक्क आहे.

अ‍ॅटमॉस वाजतंय असं नुसतं धरून चालणं

सगळ्यात कॉमन चूक ही, आणि ती लक्षातच येत नाही कारण आवाज तर येत असतोच. फोनवर अल्बम उघडला, डॉल्बी अ‍ॅटमॉसचा लोगो दिसला, फोन ब्लूटूथने साउंडबारला जोडला आणि ऐकायला बसलो. आता ब्लूटूथवरून साउंडबारला जातात फक्त दोन चॅनल, म्हणजे स्टिरिओ. साउंडबार मग स्वतःच्या मनाने ते दोन चॅनल खोलीभर पसरवतो आणि आपल्याला वाटतं हेच ते अ‍ॅटमॉस, आणि कसलं पोकळ वाटतंय. मग ब्लूटूथ हेडफोनवर कसं चालतं असं कोणीतरी विचारतंच, तर तिथे फोन आधी सगळे आवाज दोन कानांसाठी जागच्या जागी बसवून घेतो आणि तयार झालेले दोन चॅनल पुढे पाठवतो, त्यामुळे हेडफोनला दोनच पुरतात. साउंडबारला आणि स्पीकरना मूळ अ‍ॅटमॉस सिग्नलच पोचायला लागतो.

आयफोनवर असाल तर म्युझिकच्या सेटिंगमध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉससमोर तीन पर्याय दिसतील. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलंत तर एअरपॉड्स आणि काही ठरावीक हेडफोनवरच अ‍ॅटमॉस लागतं, दुसऱ्या कंपनीचा हेडफोन असेल तर ‘ऑलवेज ऑन’ करावं लागतं, नाहीतर तुम्ही आरामात स्टिरिओ ऐकत बसाल. आणि एअरपॉड्सवाल्यांनी कंट्रोल सेंटरमध्ये व्हॉल्यूमची पट्टी दाबून धरून बघा, तिथे ‘स्पेशियलाइझ स्टिरिओ’ दिसलं तर समजा की साध्या स्टिरिओला फोन फुगवतोय, खरं मिक्स लागलेलंच नाही. तिथेच ‘हेड ट्रॅक्ड’ ऐवजी ‘फिक्स्ड’ करा. सिनेमाला हेड ट्रॅकिंग ठीक आहे, पण गाणं ऐकताना मान वळवली की मार्विन एका कानात सरकतो आणि सगळा मूड जातो. स्पॉटिफायवर शोधत असाल तर सोडून द्या, तिथे अ‍ॅटमॉस नाहीच.

टीव्ही मधे घालणं

अ‍ॅपल टीव्ही फोरके बॉक्स, तो टीव्हीला, आणि टीव्हीतून साउंडबार किंवा रिसिव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा), अशी जोडणी घरोघरी असते. इथे तीन जागी अडतं. ऑप्टिकल वायर असेल तर तिच्यातून अ‍ॅटमॉस जातच नाही, कितीही महाग वायर घ्या. टीव्हीच्या ऑडिओ आउटपुटमध्ये पीसीएम (साधा, उलगडलेला डिजिटल आवाज) सिलेक्ट असेल तर बऱ्याच टीव्हींवर पुढे स्टिरिओच जातो, तिथे ‘पास थ्रू’ किंवा ‘ऑटो’ पाहिजे. आणि टीव्हीला साधं एआरसी (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) असेल, तिची नवी आवृत्ती ई-एआरसी नसेल, तर हा बॉक्स ज्या स्वरूपात अ‍ॅटमॉस पाठवतो ते एआरसीमध्ये मावत नाही. सोपा उपाय म्हणजे बॉक्सची एचडीएमआय सरळ रिसिव्हरला लावा आणि टीव्हीला फक्त चित्र जाऊ दे.

मग रिसिव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ लिहून आलं तर ठीक, ‘डॉल्बी सराउंड’ आलं तर तो अपमिक्स आहे, म्हणजे पुन्हा स्टिरिओच पसरवून दिलाय. नावं इतकी सारखी आहेत की भलेभले फसतात. आणि नाइट मोड, व्हॉइस मोड, डायलॉग एन्हान्सर जे काय चालू असेल ते सगळं बंद. हे मोड मालिका बघायला बनवलेत, बाकीचं दाबून बोलणं पुढे आणायला, आणि या अल्बममध्ये तर गाण्यामागची कुजबुज, कोंगा, तंतुवाद्यं हाच अर्धा जीव आहे.

आवाज न जुळवता तुलना करणं

अ‍ॅटमॉस मिक्ससाठी डॉल्बीने लाउडनेसची मर्यादा घालून दिलीय, सरासरी उणे १८ एलकेएफएस (आवाज किती मोठा ते मोजायचं एकक, शून्याच्या जितकं खाली तितका हळू). स्टिरिओ व्हर्जन बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजतं, आणि जे मोठं वाजतं ते आपल्या कानाला आपोआप चांगलं वाटतं, याला कोणाचाच कान अपवाद नाही. म्हणजे ‘जोर गेला’ ही तक्रार पुष्कळदा फक्त व्हॉल्यूमची असते. फोनवर साउंड मीटरचं अ‍ॅप टाका, एकाच गाण्याचा तोच अर्धा मिनिट दोन्ही व्हर्जनमध्ये लावा, बसायच्या जागेवर रीडिंग घ्या आणि अ‍ॅटमॉसचा व्हॉल्यूम वाढवून दोन्ही सारखे करा. एवढं केलं तरी अर्धी भांडणं मिटतात.

सिलिंगचा विचार न करणं

वर आवाज फेकणारे स्पीकर असलेला साउंडबार घेतला आणि टीव्ही युनिटच्या कप्प्यात सरकवला, तर तो आवाज कप्प्याच्या फळीवर आपटतो आणि तिथेच संपतो. बार उघड्यावर, पुढच्या कडेला पाहिजे. या स्पीकरना सपाट आणि कडक सिलिंग लागतं, आवाज त्याच्यावर आपटून तुमच्याकडे यायचा असतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये पीओपीच्या पायऱ्या, मधोमध खोलगट भाग, आणि बरोबर वाटेत पंखा, त्यामुळे आवाज कुठून कुठे जाईल याचा भरवसा नाही. निदान ऐकताना पंखा बंद ठेवून बघा. जमत असेल तर सिलिंगलाच दोन छोटे स्पीकर बसवणं कधीही चांगलं.

बाजूचे सराउंड स्पीकर खूप वर टांगू नका, अ‍ॅटमॉसमध्ये ते साधारण कानाच्या उंचीला हवेत, नाहीतर बाजूचा आणि वरचा आवाज एकच होऊन जातो. ऑटो कॅलिब्रेशनचा (खोलीप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवून घ्यायचा) माइक सोफ्याच्या हातावर ठेवून मोकळे होणारे खूप आहेत. तो स्टँडवर, डोकं जिथे असतं तिथे, कानाच्या उंचीला ठेवा, पंखा एसी बंद करा आणि घरच्यांना पाच मिनिटं बोलू नका म्हणून सांगा. स्पीकरचं अंतर एक मीटरने चुकलं तर आवाज जवळपास ३ मिलिसेकंद मागेपुढे होतो, आणि एकच सूर दोन-तीन स्पीकरमधून येत असेल तर तेवढ्याने तो फिसकटतो.

सबवूफर फुगवणं

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर, आणि तो फुगवलेला मला सगळ्यात जास्त खटकतो. टायटल साँगवर बेस गिटार वाजवलंय जेम्स जेमर्सनने, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या फंक ब्रदर्स या वादकांच्या ताफ्यापैकी, फेंडर प्रिसिजन बेस, त्याला गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्या रेकॉर्डिंगला तो जमिनीवर आडवा पडून वाजवत होता असं सांगतात. हा बेस नुसती धडधड देत नाही, गाण्याच्या खालून स्वतःची एक चाल गात जातो. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ४१ हर्ट्झ, पण कुठला सूर वाजला हे आपल्याला कळतं ते त्याच्या वरच्या स्वरांमुळे, आणि ते बरेचसे सबवूफरमधून येतच नाहीत, मुख्य स्पीकरमधून येतात. सब वाढवला की खालची घरघर वाढते आणि त्याखाली जेमर्सनची चाल गाडली जाते. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, सब हळूहळू खाली आणा, आणि तुम्हाला बेसची ओळ तोंडाने गुणगुणता येते का बघा. आली की तिथे थांबा. मग ‘मर्सी मर्सी मी’ आणि ‘इनर सिटी ब्लूज’ लावा, तिथे बेसवर बॉब बॅबिट आहे. हात वेगळा आहे हे ऐकू आलं पाहिजे, दोघं सारखेच वाटले तर सब अजून जास्त आहे.

काय ऐकायचं ते न ठरवता ऐकणं

लोक मागच्या स्पीकरला कान लावून बसतात, मागून काय येतंय, किती येतंय. या अल्बमची खरी परीक्षा पुढे आहे. टायटल साँगमध्ये मार्विनचे दोन आवाज एकावर एक आहेत. झालं असं की दोन वेगवेगळे टेक (तेच गाणं दोनदा गाऊन केलेली रेकॉर्डिंग) त्याला निवडायला ऐकवायचे होते आणि इंजिनिअरकडून ते चुकून एकदमच वाजले, मार्विनला ते इतकं भावलं की दोन्ही ठेवले, आणि पुढे तीच त्याची खूण झाली. स्टिरिओमध्ये हे दोघं एकमेकांत मिसळलेले असतात. सिस्टिम नीट लागली असेल तर अ‍ॅटमॉसमध्ये एका मार्विनचा हात धरून पूर्ण गाणं जाता येतं, आणि दुसऱ्यांदा लावून दुसऱ्याचा. तसं होत नसेल तर सेंटर स्पीकरची लेव्हल तपासा, मघाचे मोड पुन्हा तपासा.

सुरुवातीच्या गप्पाही अशाच. त्या पार्टीच्या गलक्यात डेट्रॉइट लायन्सचे फुटबॉलपटू मेल फार आणि लेम बार्नी आहेत. त्यावर येणारा अल्टो सॅक्स एलाय फाँटेनचा, तो बिचारा फक्त हात गरम करत होता आणि मार्विनने तेच ठेवून दिलं. गलका एकाच जागी गोळा होऊन येत असेल आणि सॅक्सला स्वतःची जागा नसेल तर काहीतरी चुकलंय.

शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं सुरू करणं) बंद. मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची सहा गाणी एकातून एक निघतात, मधे गॅप नाहीये, आणि स्टिरिओ-अ‍ॅटमॉस मिसळलेल्या प्लेलिस्टमध्ये घातलीत तर दर वेळी फॉरमॅट बदलताना रिसिव्हर क्षणभर मुका होऊन गाण्याची सुरुवात खातो. पूर्ण अल्बम पस्तीसेक मिनिटांचाच आहे, सरळ पहिल्यापासून लावा.

चुकीच्या गोष्टीशी तुलना करणं

साध्या रीमास्टरमध्ये तयार दोन चॅनलच्या टेपवरच काम होतं, सफाई, टोन, लेव्हल. सराउंडसाठी तेवढ्याने भागत नाही, मूळ मल्टिट्रॅक टेपवरचा प्रत्येक आवाज वेगळा काढून नव्याने बसवावा लागतो, म्हणजे कोण कुठे, किती जवळ, हे आजच्या इंजिनिअरने ठरवलेलं असतं. मार्विन १ एप्रिल १९८४ ला गेला आणि अ‍ॅटमॉस आलं २०१२ मध्ये, तेव्हा ‘मार्विनला हेच हवं होतं’ किंवा ‘त्याला हे अजिबात चाललं नसतं’, दोन्ही दावे करू नका.

स्टिरिओमध्येही दोन मिक्स आहेत. एप्रिल १९७१ मध्ये डेट्रॉइटला एक मिक्स झालं, ते बाजूला ठेवून मार्विनने लॉस एंजेलिसला पुन्हा मिक्स करून घेतलं आणि तेच बाजारात आलं. डेट्रॉइट मिक्स २००१ च्या डिलक्स एडिशनमध्ये बाहेर आलं, आणि आता स्ट्रीमिंगवर शोधताना कधीकधी तेच आधी समोर येतं. त्याच्या शेजारी अ‍ॅटमॉस ठेवलं तर मिक्समधला फरक अ‍ॅटमॉसच्या नावावर खपेल. गाण्याच्या नावापुढे डेट्रॉइट मिक्स लिहिलंय का ते बघा, लिहिलं असेल तर तुलनेसाठी ते बाजूला ठेवा आणि मे १९७१ चं मूळ स्टिरिओ शोधून लावा.