हत्यारांच्या लहान पेटीचा घरगुती उपयोग

हातात धरून नेता येईल अशी प्लास्टिकची लहान पेटी रिकामी असेल, तर तिच्यात घरभरची हत्यारे कोंबण्यापेक्षा ती एकाच कामासाठी राखून ठेवावी. विजेच्या किरकोळ दुरुस्तीसाठी ती विशेष सोयीची ठरते: तळाशी पक्कड, टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवावेत, वरच्या सुट्या खणात इन्सुलेशन टेप, फ्यूजची तार आणि स्क्रू लांबीनुसार वेगळे करावेत, म्हणजे शिडीवर उभे राहून एका हाताने हवी ती वस्तू उचलता येते. हातोडी बाहेरच बरी. तिच्या वजनाने कडी लवकर निखळते. पावसाळ्यात गंज टाळण्यासाठी औषधांच्या बाटल्यांतील सिलिका जेलच्या पुड्या आत टाकाव्यात. शिवणाच्या सामानासाठीही अशी पेटी चालते, मात्र तेलाचे डाग आधी साबणाने काढावेत.